विश्लेषण : तिरस्कार नेमका कोणाचा? इंग्रजीतील एका क्रियाविशेषणाने अर्थ कसा उलटतो?

‘साहेब माझ्याशी तिरस्काराने बोलले,’ हे वाक्य मराठीत लिहिताना कोणी अडखळत नाही. तेच इंग्रजीत लिहायचे झाले, की मोबाइलच्या कीबोर्डवर दोन शब्द समोर येतात : ‘कंटेम्प्चुअसली’ आणि ‘कंटेम्प्टिबली’. दोन्ही एकाच कुळातले आणि दिसायला भावंडे. पण एक निवडला तर तक्रार होते आणि दुसरा निवडला तर तक्रार करणाऱ्याकडूनच साहेबांना शिवी दिली जाते. कार्यालयीन ई-मेल, वकिलाची नोटीस, प्रतिज्ञापत्र, परीक्षेतील निबंध अशा ठिकाणी हा घोळ नेहमी होतो. तो का होतो, या शब्दांचा इतिहास काय आणि योग्य शब्द कसा ओळखायचा, याचा हा आढावा.

दोन शब्दांत फरक काय?

दोन्ही शब्दांच्या मुळाशी ‘कंटेम्प्ट’ म्हणजे तुच्छता, तिरस्कार आहे. प्रश्न एवढाच, की हा तिरस्कार कोणाच्या मनात आहे?

‘कंटेम्प्चुअसली’ म्हणजे तिरस्काराने, तुच्छतेने. येथे तिरस्कार कर्त्याच्या मनात आहे. साहेब बोलत होते आणि त्यांच्या बोलण्यातून समोरच्याबद्दलची तुच्छता दिसत होती.

‘कंटेम्प्टिबली’ म्हणजे तिरस्करणीय रीतीने, तिरस्कार वाटावा असे. येथे तिरस्कार पाहणाऱ्याच्या किंवा लिहिणाऱ्याच्या मनात आहे. साहेबांना काय वाटत होते, याबद्दल हा शब्द काहीच सांगत नाही. त्यांचे वागणे हलकट होते, असा निवाडा तो देतो.

थोडक्यात, पहिला शब्द वर्तनाचे वर्णन करतो आणि दुसरा वर्तनाला दूषण देतो.

चुकीचा शब्द वापरल्याने बिघडते काय?

समजा, एखाद्या कर्मचाऱ्याने मनुष्यबळ विभागाकडे लेखी तक्रार केली, की व्यवस्थापक बैठकीत सर्वांसमोर आपल्याशी तुच्छतेने बोलले. तक्रारीत ‘कंटेम्प्चुअसली’ असेल, तर तो तपासता येण्याजोगा आरोप आहे. बैठकीत कोण होते, कोणते शब्द वापरले गेले, आवाजाचा सूर कसा होता, हे साक्षीदारांना विचारता येते.

त्याच जागी ‘कंटेम्प्टिबली’ लिहिले, तर वाक्याचा अर्थ ‘व्यवस्थापक किळस यावी अशा रीतीने बोलले’ असा होतो. ही घटना नाही, मत आहे. चौकशी समितीला त्यातून नेमके काय तपासायचे ते कळत नाही. उलट, तक्रारदारच वरिष्ठांबद्दल अपमानकारक भाषा वापरतो, असे म्हणायला समोरच्याला जागा मिळते. अन्याय ज्याच्यावर झाला, त्याचीच बाजू एका प्रत्ययाने लंगडी पडते.

न्यायालयीन भाषेत आणखी एक पदर आहे. भारतातील ‘कंटेम्प्ट ऑफ कोर्ट्स अ‍ॅक्ट, १९७१’ हा न्यायालयाच्या अवमानासंबंधीचा कायदा. अवमान या अर्थी ‘कंटेम्प्ट’ शब्द वापरला जात असल्याने वकिली इंग्रजीत ‘कंटेम्प्चुअस’ वर्तन म्हणजे अवमानकारक वर्तन. न्यायालयाचा आदेश जाणूनबुजून धुडकावणे हा दिवाणी अवमान ठरतो. तेथे ‘कंटेम्प्टिबल’ लिहिले, तर कायद्याच्या भाषेतला मुद्दा निसटतो आणि उरते ते नुसते शेलके विशेषण.

इंग्रज तरी चुकत नाहीत का?

चुकतात, आणि त्यावरून जुने किस्सेही आहेत. रिचर्ड पोर्सन (१७५९-१८०८) हे केंब्रिज विद्यापीठातील ग्रीक भाषेचे नामांकित प्राध्यापक. वादात चिडलेल्या एकाने त्यांना सुनावले, की तुमच्याबद्दलचे माझे मत अत्यंत ‘कंटेम्प्टिबल’ आहे. त्याला म्हणायचे होते, की मी तुम्हाला तुच्छ लेखतो. प्रत्यक्षात तो म्हणाला, की माझे मत तुच्छ लेखण्याजोगे आहे. पोर्सन यांनी शांतपणे दुजोरा दिला, की तुमचे कोणतेही मत तसे नसल्याचे माझ्या पाहण्यात नाही! पोर्सन यांच्या नावावर हा किस्सा सांगितला जातो. दोन शब्दांतला फरक लक्षात ठेवायला त्याच्याइतके चांगले उदाहरण सापडणे कठीण.

अर्थात, हा फरक पहिल्यापासून इतका काटेकोर नव्हता. सोळाव्या-सतराव्या शतकात दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले आढळतात. खुद्द शेक्सपिअरने ‘मच अ‍ॅडो अबाउट नथिंग’ या नाटकात एका पात्राच्या कुत्सित, दुसऱ्यांना हसणाऱ्या स्वभावासाठी ‘कंटेम्प्टिबल’ हे विशेषण वापरले आहे. आजच्या इंग्रजीत तेथे ‘कंटेम्प्चुअस’ हवे. पुढे दोन्ही शब्दांनी आपापली कामे वाटून घेतली आणि आज त्यांची अदलाबदल ही सरळ चूक मानली जाते.

महायुद्धात या शब्दाचे काय झाले?

ऑगस्ट १९१४. पहिले महायुद्ध नुकतेच सुरू झाले होते. ब्रिटनने फ्रान्समध्ये उतरवलेले सैन्य सुरुवातीला सुमारे ८० हजारांचे होते. जर्मनी आणि फ्रान्सच्या लाखोंच्या फौजांपुढे ही संख्या किरकोळ होती. फील्ड मार्शल सर जॉन फ्रेंच त्याचे सेनापती होते. २३ ऑगस्टला बेल्जियममधील मॉन्स येथे या सैन्याची जर्मनांशी पहिली मोठी लढाई झाली.

त्यानंतर सप्टेंबरमध्ये ब्रिटिश सैन्यात एक मजकूर प्रसृत करण्यात आला. जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म दुसरा याने १९ ऑगस्टला काढलेला हुकूम, असे त्याचे स्वरूप होते. त्यात फ्रेंच यांच्या सैन्याला ‘कंटेम्प्टिबल’ आणि ‘लिटल’ अशी दोन विशेषणे लावली होती. म्हणजे, तुच्छ आणि चिमुकले सैन्य. ब्रिटिश सैनिकांनी ही शिवी पदकासारखी छातीवर मिरवली. स्वतःला ते ‘ओल्ड कंटेम्प्टिबल्स’ म्हणवू लागले आणि युद्धानंतर त्याच नावाने माजी सैनिकांची संघटनाही उभी राहिली.

क्रियाविशेषणाचा मुद्दा येथेच येतो. कैसरचे मूळ शब्द ‘कंटेम्प्टिबली लिटल’ अशा अर्थाचे असावेत आणि भाषांतरात क्रियाविशेषणाचे विशेषण झाले असावे, असे पुढे अनेकांनी सुचवले. फरक लहान वाटतो, पण आहे मोठा. ‘कंटेम्प्टिबल’ हे विशेषण थेट सैन्याला लागते, म्हणजे सैन्यच तुच्छ ठरते. ‘कंटेम्प्टिबली’ हे क्रियाविशेषण ‘लिटल’ला लागते, म्हणजे सैन्याची संख्या दखलही घेऊ नये इतकी कमी ठरते. पहिला अपमान शौर्याचा आहे, दुसरा केवळ आकड्याचा.

या कथेला आणखी एक वळण आहे. युद्धानंतर शोध घेऊनही असा हुकूम जर्मन दफ्तरांत सापडला नाही. कैसरने स्वतः तो नाकारला. ब्रिटिश राजकारणी आर्थर पॉन्सनबी यांनी युद्धकाळातील खोट्या प्रचारावर १९२८ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात या हुकुमाचीही गणना केली. म्हणजे हुकूम बहुधा प्रचारासाठी रचलेला. पण त्यातल्या एका शब्दाने हजारो सैनिकांना कायमची ओळख दिली.

वाक्यात हे शब्द कुठे बसतात?

‘कंटेम्प्चुअसली’ला मनात भावना असणारा कर्ता लागतो. त्यामुळे ते बोलणे, पाहणे, हसणे, झिडकारणे अशा क्रियापदांबरोबर येते. एखाद्याने मागणी तुच्छतेने फेटाळली, कागद तुच्छतेने भिरकावला, प्रतिस्पर्ध्याबद्दल तुच्छतेने बोलला, अशा वाक्यांत ते चपखल बसते.

‘कंटेम्प्टिबली’ वागणुकीच्या क्रियापदांबरोबर येते आणि विशेषणांच्या आधीही येते. ‘कंटेम्प्टिबली स्मॉल’ म्हणजे हास्यास्पद वाटावी इतकी लहान रक्कम. येथे ‘कंटेम्प्चुअसली स्मॉल’ म्हणता येणार नाही, कारण रकमेला मन नसते आणि तिला कोणाचा तिरस्कारही वाटत नाही.

जागा बदलली की अर्थही बदलतो, हे ‘डिस्गस्टिंगली’ या शब्दात चांगले दिसते. क्रियापदानंतर आले तर ते कृतीचे वर्णन करते : तो किळसवाण्या पद्धतीने जेवला. तेच वाक्याच्या सुरुवातीला स्वल्पविरामासह आले, तर ते संपूर्ण घटनेवरचे लिहिणाऱ्याचे भाष्य होते : संतापजनक बाब म्हणजे, कोणालाही शिक्षा झाली नाही. बातमी लिहिणाऱ्याने दुसरा प्रकार जपून वापरावा लागतो, कारण तेथे बातमी संपून अग्रलेख सुरू होतो.

अशा आणखी जोड्या आहेत का?

भरपूर आहेत. ‘डिस्गस्टेडली’ म्हणजे किळस येऊन, ‘डिस्गस्टिंगली’ म्हणजे किळस यावी असे. नाल्याकडे पाहून नाक मुरडणारा माणूस ‘डिस्गस्टेडली’ पाहतो. नाला मात्र ‘डिस्गस्टिंगली’ घाण असतो. अदलाबदल केली, तर नाक मुरडणारा माणूसच किळसवाणा ठरतो.

कर्त्याच्या मनातील तिरस्कार सांगणाऱ्या गटात ‘स्कॉर्नफुली’, ‘डिस्डेनफुली’, ‘रिझेंटफुली’ हे शब्द येतात. पाहणाऱ्याच्या मनात तिरस्कार उत्पन्न करणाऱ्या गटात ‘डिटेस्टेबली’, ‘डेस्पिकेबली’, ‘अबॉमिनेबली’, ‘ओडिअसली’, ‘रिपल्सिव्हली’, ‘अ‍ॅबॉरंटली’ हे येतात.

‘अ‍ॅबॉरंटली’बाबत विशेष काळजी हवी. ‘अ‍ॅबॉर’ या क्रियापदाचा अर्थ तीव्र तिरस्कार करणे. त्यामुळे ‘त्याने तिरस्काराने पाहिले’ यासाठी ‘अ‍ॅबॉरंटली’ वापरण्याचा मोह होतो. पण आजच्या इंग्रजीत ‘अ‍ॅबॉरंट’ म्हणजे तिरस्कार वाटावा असे. अशा वेळी क्रियाविशेषणाचा नाद सोडून ‘विथ अ‍ॅबॉरन्स’ म्हणजे सरळ ‘तिरस्काराने’ लिहिणे सुरक्षित.

‘हेटफुली’ हा मात्र दोन्ही डगरींवर पाय ठेवणारा शब्द. द्वेषाने भरलेले आणि द्वेष वाटावे असे, हे दोन्ही अर्थ त्यात आहेत. कोणता घ्यायचा, ते संदर्भावरून ठरते. म्हणूनच जेथे अर्थाचा वाद होऊ शकतो, अशा लेखनात तो टाळलेला बरा.

मराठीच्या आधारे योग्य शब्द कसा ओळखायचा?

या बाबतीत मराठी इंग्रजीपेक्षा स्पष्ट आहे. तिरस्कार कर्त्याचा असेल, तर मराठीत नामाला ‘ने’ लागतो : तिरस्काराने, तुच्छतेने, द्वेषाने, किळसेने. तिरस्कार पाहणाऱ्याचा असेल, तर ‘-णीय’, ‘-आस्पद’, ‘-वाणे’, ‘-जनक’ अशी शेपटे येतात : तिरस्करणीय, निंदनीय, लज्जास्पद, किळसवाणे, संतापजनक.

इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी मनातले मराठी वाक्य तपासावे. ‘ने’ आला, तर ‘कंटेम्प्चुअसली’, ‘स्कॉर्नफुली’, ‘डिस्गस्टेडली’ या बाजूचा शब्द हवा. ‘-णीय’ किंवा ‘-वाणे’ आले, तर ‘कंटेम्प्टिबली’, ‘डेस्पिकेबली’, ‘डिस्गस्टिंगली’ या बाजूचा. इंग्रजीतील ‘-एबल’, ‘-इबल’ आणि मराठीतील ‘-णीय’ यांचे काम बरेचसे सारखे आहे. दोन्ही प्रत्यय ‘त्या योग्यतेचे’ असे सांगतात : वंदनीय, पूजनीय, तसेच तिरस्करणीय.

मराठीतही असा गोंधळ नाही, असे मात्र नाही. ‘घृणा’ म्हणजे किळस, हे आज सर्वांना माहीत आहे. पण संस्कृतात ‘घृणा’चा दया, करुणा असाही अर्थ आहे. ‘निर्घृण’ हा शब्द त्याच अर्थावरून आला : ज्याच्या ठायी दया नाही तो. म्हणूनच ‘निर्घृणपणे खून’ म्हणजे दयामाया न दाखवता केलेला खून. आजच्या अर्थाने शब्द फोडला, तर ‘किळस न वाटता केलेला खून’ असा भलताच अर्थ निघतो. जुना अर्थ मागे पडला, पण क्रियाविशेषण तो अजून सांभाळून आहे.

‘अबॉमिनेबल’चा हिममानवाशी संबंध काय?

तिरस्कारवाचक शब्दांचे भाषांतर कसे भरकटते, याचे एक उदाहरण कोलकात्याचे आहे. १९२१ मध्ये चार्ल्स हॉवर्ड-बरी यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश पथक एव्हरेस्टची पाहणी करायला गेले. उंचावर बर्फात त्यांना मोठे ठसे दिसले. ते लांडग्याचे असावेत, असे हॉवर्ड-बरी यांचे मत होते. सोबतच्या हमालांनी मात्र ‘मेतोह-कांगमी’ हे नाव घेतले. पथक परतल्यावर कोलकात्याच्या ‘द स्टेट्समन’चे पत्रकार हेन्री न्यूमन यांनी हमालांशी बोलून त्या नावाचे इंग्रजी केले : ‘अबॉमिनेबल स्नोमॅन’. ‘मेतोह’मध्ये मळकट, गलिच्छ असा भाव होता, असे न्यूमन यांना सांगण्यात आले होते. त्याचे ‘अबॉमिनेबल’, म्हणजे अत्यंत तिरस्करणीय, झाले आणि जगभर तेच नाव रूढ झाले.

या शब्दाचे मूळ लॅटिन ‘ओमेन’ म्हणजे शकुनात आहे. अपशकुन म्हणून दूर सारावे असे, ते ‘अबॉमिनेबल’. मध्ययुगात मात्र तो शब्द ‘माणसापासून दूर’ म्हणजे अमानुष या अर्थाच्या लॅटिन शब्दांपासून आला, असा समज झाला आणि त्याच्या स्पेलिंगमध्ये एक ‘एच’ घुसला. शेक्सपिअरने ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’मध्ये हा ‘एच’ उच्चारलाच पाहिजे, असा हट्ट धरणाऱ्या पंडिताची खिल्ली उडवली आहे.

तिरस्काराची तीव्रता कशी वाढवायची?

मराठीत ‘मला त्याचा खूप तिरस्कार वाटतो’ म्हणतात. त्याचे शब्दशः ‘आय व्हेरी हेट’ केले, तर ते इंग्रजीत चालत नाही, कारण ‘व्हेरी’ थेट क्रियापदाला लागत नाही. ‘रिअली हेट’, ‘अ‍ॅब्सोल्यूटली हेट’, ‘अटरली डिटेस्ट’, ‘इन्टेन्सली डिसलाइक’, ‘स्ट्राँगली डिसअ‍ॅप्रूव्ह’ अशा जोड्या रूढ आहेत. प्रत्येक क्रियापदाचे ठरलेले सोबती आहेत आणि ते वाचनातूनच अंगवळणी पडतात.

त्यातली एक जोडी मराठी वाचकाला चकवते : ‘कॉर्डिअली डिसलाइक’. निमंत्रणपत्रिकेवरचा ‘कॉर्डिअली’ येथे नापसंतीबरोबर कसा? त्याचे मूळ लॅटिनमधील हृदयवाचक शब्दात आहे, म्हणजे अर्थ ‘मनापासून’. मराठीतही निमंत्रण मनापासून असते आणि तिटकाराही मनापासून येतो. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या प्रस्तावनेत जे. आर. आर. टोल्किन यांनी रूपककथांबद्दलची आपली नावड याच क्रियाविशेषणाने सांगितली आहे.

उलट प्रवासही होतो. सतत वापरल्याने शब्दांची धार जाते. ‘टेरिबली’ आणि ‘ऑफुली’ यांत एकेकाळी भीती आणि दरारा होता. आज ते नुसते ‘फार’ एवढेच सांगतात. ‘टेरिबली काइंड’ म्हणजे फार दयाळू. मराठीत ‘भयंकर आवडले’ म्हणतात, तसेच हे. ‘डिस्गस्टिंगली रिच’मध्येही किळस उरलेली नाही, श्रीमंतीबद्दलचा थट्टेखोर हेवा आहे. मित्रांच्या गप्पांत हे शोभते, अर्जात किंवा अहवालात नाही.

लिहिताना काय तपासावे?

तीव्र नापसंतीचे क्रियाविशेषण लिहिल्यावर पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. तिरस्कार कोणाच्या मनात आहे? शब्द कोणत्या शब्दाला लागतो, क्रियापदाला, विशेषणाला की संपूर्ण वाक्याला? आणि त्या जागी घडलेली गोष्टच लिहिली तर काम भागते का?

तिसरा प्रश्न तक्रारीत सर्वांत महत्त्वाचा. ‘साहेब तुच्छतेने बोलले’ यापेक्षा, साहेबांनी सर्वांसमोर अर्ज न वाचता बाजूला फेकला आणि ‘असले कागद माझ्याकडे आणू नका’ असे म्हटले, हे तारीख-वेळेसह लिहिलेले वाक्य अधिक भक्कम असते. तेथे ‘कंटेम्प्चुअसली’ लिहिण्याची गरजच उरत नाही. तो शब्द वाचणाऱ्याच्या मनात आपोआप येतो.